पटणें आणि समजणें

शाळेंतील बीजगणित व भूमिति आतां घरबसल्या, पडद्यावरील व्हिडिओ-पाठांतून शिकतां येते. सलमान खान (नट नव्हेत, हे अमेरिकेंतील गृहस्थ) यांनीं २००४ सालीं बोस्टनहून न्यू ऑर्लिन्स येथील आपल्या नात्यांतल्या एका मुलीस गणित शिकविण्यास आरंभ केला, २००६ पासून त्यांचे पाठ यूट्यूबवर येऊं लागले, आणि पुढें २००८ सालीं खान अकादमी ही विनामूल्य शिक्षण देणारी संस्था निघाली.

या शिक्षकाचा एक गुण मोठा आहे: तो कंटाळत नाहीं. भर वर्गांत तोच प्रश्न चौथ्यांदा विचारण्यास लाजणारा मुलगा येथें निःशंकपणें पाठ चार वेळां मागें नेतो. अज्ञानाच्या लाजेनें कित्येकांचें शिक्षण बुडालें आहे. ती लाज जेथें निवारली जाते तेथें नाकें मुरडणें हा कृतघ्नपणा होय.

परंतु पटणें आणि समजणें एकच काय? प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादांत सॉक्रेटीस भूमिति कधीं न शिकलेल्या एका गुलाम मुलास विचारतो: दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट चौरस काढावयाचा, तर त्याची बाजू किती? मुलगा बेधडक म्हणतो, चार फूट. आकृति काढतांच क्षेत्रफळ आठ न होतां सोळा भरतें. मग तो तीन म्हणतो. तें नऊ येतें. आतां तो गोंधळतो, आणि या गोंधळांतूनच अखेर मूळ चौरसाच्या कर्णापाशीं पोंचतो. पडद्यावरील शिक्षक हाच कर्ण अर्ध्या मिनिटांत दाखवील आणि मुलगा मान डोलावील. पण ‘चार’ हें उत्तर त्याच्या मनांत दडलेलेंच राहील. तें बाहेर काढणारा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. अ अधिक ब यांचा वर्ग म्हणजे दोहोंच्या वर्गांची बेरीज, असें मानणारीं मुलें खरें सूत्र पाहून झाल्यावरही पुनः तेंच लिहितात, तीं याच कारणानें.

पाठांबरोबर उदाहरणेंही असतात, असें कोणी म्हणेल. असतात, आणि तीं उपयोगीही आहेत. चुकलेल्यास तीं रीत दाखवितात. ‘चार कां म्हणालास?’ हें मात्र बहुधा पुसत नाहींत.

आणि कर्ण सांपडल्यावरही सॉक्रेटीस त्या मुलास ज्ञानी म्हणत नाहींच. त्याचीं मतें अजून स्वप्नवत् आहेत, अनेकदां व अनेक प्रकारें विचारल्यावर तीं ज्ञान होतील, असें तो मेनोस सांगतो. म्हणजे पुनरावृत्ति त्यालाही हवी आहे. पण ती उत्तर देण्याची, ऐकण्याची नव्हे. घरीं हें साधण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. पाठ अर्ध्यावर थांबवावा, पडदा झांकावा, आणि उरलेली सिद्धता मुलास कोऱ्या कागदावर लिहूं द्यावी. बहुधा तो पहिल्याच ओळींत अडेल. मग त्यास लगेच पाठ लावूं द्यावयाचा, कीं थोडा वेळ तसेंच बसूं द्यावयाचें, हें शेजारीं बसलेल्या आईबापांनाच ठरवावें लागेल.