डोंगरावरून उतरणारा वारा

शास्त्रपाठ : मार्क ४:३५-४१, प्रेषितांची कृत्ये २७:१३-४४



ग्वाल्हेरच्या एखाद्या घरातला मुलगा लडाखात नोकरीस असला, म्हणजे त्याच्या आईवडिलांना कधी ना कधी दिल्लीहून लेहच्या विमानात बसावे लागते. पर्वत जवळ आले की विमान हादरते, एकदम खाली गेल्यासारखे वाटते आणि पोटात गोळा येतो. नित्यनेमाने उपासनेला येणारा मनुष्यही खुर्चीचे हात घट्ट धरतो. त्यातच मनाला टोचणी लागते : माझा विश्वास खरा असता, तर मी असा भ्यालो असतो काय?

ही भीती निराधार आहे असे ग्वाल्हेरकरांना सांगून चालणार नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी खराब हवामानात मैनपुरीजवळ लहान विमान कोसळून माधवराव शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे सर्वजण मृत्यू पावले. त्या दिवशीचा शोक या शहराने पाहिला आहे.

तरी भीतीला आधी नीट ओळखावे. आपल्या किल्ल्याच्या टेकडीकडे पाहा. वारा कड्यावर आदळला की वर चढतो. म्हणून घारी पंख न हलवता तेथे तरंगत राहतात. टेकडीच्या पलीकडे तोच वारा खाली उतरतो व भोवरे करतो. हिमालयापाशी हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. ज्याला लोक ‘एअर पॉकेट’ म्हणतात, तो आकाशातला खड्डा नसून खाली वाहणारी हवा असते. लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फूट उंचीवर आहे. दुपारी ऊन तापले की दऱ्यांतला वारा वाढतो, म्हणून तेथील उड्डाणे बहुतेक सकाळी असतात. मोठी विमाने असे हादरे सोसतील अशीच बांधलेली असतात. इजा होते ती बहुधा पट्टा न बांधलेल्यांना.

आता गालील सरोवराकडे या. ते समुद्रसपाटीहून सुमारे २०० मीटर खाली आहे आणि त्याच्याभोवती डोंगर आहेत. वारा त्या उतारांवरून सरोवरावर येऊन कोसळतो. म्हणजे शिष्यांचे संकटही डोंगराच्या वाऱ्याचेच होते! त्यांच्यातले कित्येक त्याच पाण्यावर वाढलेले कोळी होते, तरी ते भ्याले. प्रभूने त्यांना विश्वासाविषयी विचारले खरे. परंतु त्यांच्या हाकेने तो आधी उठला आणि त्याने वारा शांत केला. घाबरलेल्याची हाक त्याने परत लावली नाही.

पौलाच्या प्रवासात मात्र वारा तसा थांबला नाही. क्रेत बेटावरून तुफानी वारा सुटला आणि तारू पुष्कळ दिवस भरकटले. खलाशांनी तारवाला खालून दोर आवळले. मग पौलाने सर्वांदेखत देवाचे आभार मानून भाकर खाल्ली आणि इतरांना धीर आला. तारू फुटले, पण २७६ जण वाचले. दोर आवळणे हा अविश्वास नव्हता. आपल्या महाराजपुराहून उडणारा लढाऊ वैमानिकही पट्टे आवळूनच बसतो. तेव्हा आपणही पट्टा बांधावा, तो प्रवासभर सैल सोडू नये आणि शेजारी कोणी घाबरले असेल, तर त्याच्याशी दोन शब्द बोलावे. दुसऱ्याला धीर देताना आपल्यालाही धीर येतो.

मग देवाचे लेकरू असलेल्याचे विमान पडतच नाही काय? असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. ५ मार्च १९६६ रोजी जपानच्या फुजी पर्वताजवळ अशाच वाऱ्याने एक प्रवासी विमान मोडले आणि १२४ जण मेले. असे क्वचित घडते, पण घडते. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटतो. त्याच अध्यायात याकोब तरवारीने मारला जातो. दोघेही प्रभूचेच होते. आपला भरवसा विमान न हलण्यावर नाही. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू न शकणाऱ्या गोष्टींची यादी पौलाने रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात दिली आहे. तीत मरण आहे आणि उंचीसुद्धा आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. हा धडा शिकवताना “चांगल्या मुलांना वादळ लागत नाही” असे सांगू नका. ज्या मचव्यात येशू होता, त्याच मचव्यात पाणी शिरत होते. मुले हे विसरणार नाहीत. आणि मोठेपणी त्यांच्यावर वादळ आले, तर देवाने आपल्याला टाकले असे त्यांना वाटणार नाही.

हे प्रभो, आमचे भय तुझ्यापुढे मोकळेपणाने मांडायला आम्हाला शिकव. हादऱ्यात आमचे हात दुसऱ्याला धरण्यासाठी मोकळे राहू दे. आमेन.