मन साफ आहे, हे कोण ठरवणार?



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या पाचव्या श्लोकावर. भगवंत सांगतात, माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं, कारण आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू. श्लोक बऱ्याच जणांना पाठ असतो, पण एक प्रश्न उरतोच. मनाने मनालाच सुधारायचं, तर बिघडलेल्या मनाला आपला बिघाड कळणार कसा?

आपण सहज म्हणतो ना, "माझं मन मला खात नाही, म्हणजे मी बरोबर आहे." हा पुरावा धरायचा का?

मी शहापूरला, माझा आतेभाऊ मुरबाडकडच्या एका गावात. पावसाळ्यात तिकडे लाईट सारखी जाते, आणि त्याच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली. त्यामुळे चालू मशीन एकदम बंद. असं होऊन होऊन सिस्टिमच्या काही फाईल्स करप्ट झाल्या, लॅपटॉप रखडायला लागला. फोनवर म्हणाला, "दादा, फॉरमॅट मारून टाकू का?" म्हटलं, थांब, आधी तपासू.

विंडोजमध्ये एसएफसी स्कॅननाऊ नावाची कमांड आहे. ती सिस्टिमची एकेक फाईल मशीनमध्येच जपून ठेवलेल्या चांगल्या प्रतीशी ताडून बघते आणि बिघडलेली असेल तर बदलते. आपल्या फोटोंना, कागदपत्रांना हात लावत नाही. त्याच्याकडे उत्तर आलं: बिघाड सापडला, पण काही फाईल्स दुरुस्त करता आल्या नाहीत. कारण जिच्याशी ताडायचं, ती आतली प्रतच खराब झालेली. मग डिसम ही दुसरी कमांड चालवली. ती बाहेरून, मायक्रोसॉफ्टकडून, शुद्ध प्रत मागवून आतला साठा आधी नीट करते. नेट एका दांडीवर, त्यामुळे वेळ लागला. मग पुन्हा एसएफसी चालवली, आणि काम झालं.

मशीन निदान कबूल करतं की मला जमलं नाही. मन एवढं प्रामाणिक नसतं. ऑफिसात दुसऱ्याचं काम आपल्या नावावर दाखवलं की पहिल्यांदा टोचतं, दहाव्यांदा टोचत नाही. तोवर आतलं मोजमापच बदललेलं असतं. मग कितीही ताडून बघा, सगळं जुळतंच! म्हणून चौथ्या अध्यायात, ३४व्या श्लोकात, भगवंत सांगतात की जाणत्यांकडे नम्रपणे जा, त्यांना प्रश्न विचारा, त्यांची सेवा करा. स्वतःला वर काढायचं आपणच, पण मोजमाप बाहेरून आणावं लागतं.

आता कुणी म्हणेल, बाहेरची प्रत तरी शुद्ध कशावरून? याचं उत्तर आपल्या परंपरेतच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला झाली. पुढे हाताने नकला होत गेल्या आणि पाठभेद शिरले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४), पैठणच्या एकनाथ महाराजांनी ती शुद्ध केली. भागवतावर एवढी मोठी टीका लिहिणारे नाथ! पण त्यांनी शेवटी सांगून ठेवलं की ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठभेदांमुळे अशुद्ध झाला. आणि यात कुणी आपली ओवी घातली, तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, मूळ शुद्धच आहे. म्हणून "मी असाच, आता सगळंच पुसून टाकावं" असं म्हणायची गरज नाही. आत शिरलेलं तेवढं काढायचं. दुसरी, जो सुधारताना स्वतःचं काही घुसडत नाही, त्याच्याकडे जावं. ज्ञानोबांच्या नावाने फिरणाऱ्या प्रत्येक फॉरवर्डवर आपलं मन ताडून बघू नये.

आजचा अभ्यास: असा एक विषय घ्या, जिथे आपलं मन "सगळं ठीक आहे" म्हणतंय, पण घरातलं एखादं माणूस गप्प झालंय. त्यांना विचारा, "माझं काही चुकतंय का?" आणि त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये आपली ओवी घालू नका.

राम कृष्ण हरी.