दाढेला जागा कोण देतं?

एकवीरेच्या पायऱ्या चढताना भाचीने चिक्कीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "मावशी, डावीकडून चावताच येत नाही गं." वय १९. हिरडी सुजलेली, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. अक्कलदाढ!

देवीचं दर्शन झाल्यावर देवळालगतच्या कार्ला लेण्यातल्या चैत्यगृहात जरा टेकलो. सुमारे ३८ मीटर लांबीची ही जागा मुळात नव्हतीच. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी कातळ काढला, म्हणून ती झाली. मला भाचीचा एक्स-रे आठवत होता. मुलाचा खालचा जबडाही असाच जागा करतो. कानाकडे वर जाणारा त्याचा उभा भाग पुढच्या कडेने विरघळत जातो आणि मागच्या कडेवर नवं हाड चढतं. अशा मोकळ्या झालेल्या जागेत सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी आणि १७ ते २५ च्या दरम्यान तिसरी, तीच अक्कलदाढ. तोवर जागा पुरली नाही, तर तिसरी कलते आणि शेजारणीला टेकून अडकते. भाचीची तशीच अडकली होती.

दोष मात्र आपण दाढेला देतो. दाढेचा आकार बराचसा आनुवंशिक. हाडाची वाढ मात्र त्याला मिळालेल्या कामावरही ठरते. शिकारीवर जगणाऱ्यांचे जबडे शेतकऱ्यांपेक्षा सरासरीने लांब असतात, ते यामुळेच. आपल्याच पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथली प्राचीन माणसं शेती करत, तरी सातू दगडावर भरडून खात आणि शिकारही करत. त्यांच्या घासाला चावणं लागत असणार. आमच्या घरात मऊ इंद्रायणी भात, वरण आणि दुधात कुस्करलेली पोळी. लाडाने भरवलेलं ते सगळं. त्या लाडात जबड्याचं काम आपण काढून घेतलं, असं मला फार वाटतं. चावलं म्हणजे प्रत्येकाला जागा मिळेलच असं नाही, वारसा असतोच. आणि भाचीचं हाड आता चावून वाढायचं नाही. तिची दाढ दंतवैद्य बघतील. दाढेच्या मुळांलगत ओठाला संवेदना देणारी नस जाते, म्हणून घाई नको, हयगयही नको.

धाकटा भाचा नऊ वर्षांचा. त्याच्या अक्कलदाढेची घडण हाडाच्या आत आत्ता कुठे सुरू झाली असेल. उतरताना ताई त्याच्यासाठी प्रसादाच्या खोबऱ्याचे बारीक काप करायला बसली. मी त्याला जाड तुकडा तसाच दिला. शेवटच्या पायरीपर्यंत तो चावत होता.