अर्ज लिहिण्याआधी

शिरपूर
एप्रिल, मोहाची फुलं वेचायचे दिवस

चि. पोरी,


तुझं पत्र आणि सोबतचा अर्जाचा मसुदा, दोन्ही नीट वाचलं. दारूपायी विस्कटलेल्या घरांसाठी पाड्यावरच काही उभं करायचं तू आणि तुझ्याबरोबरच्या बायकांनी ठरवलंत. आश्रमशाळेत शिकवलेल्या मुलीकडून असं पत्र यावं, याहून मोठा आनंद मास्तराला कोणता? पण तू आनंद कळवायला नाही, सल्ला मागायला लिहिलंस. म्हणून सरळ सांगतो. सरकारचा पैसा माग, हक्कानं माग. पण मसुद्यात लिहिलंस ते पंधरा खाटांचं केंद्र मागू नकोस.

खाटा तुझ्या मनातून आलेल्या नाहीत, योजनेच्या कागदातून आल्या आहेत. केंद्र सरकारचा अंमली पदार्थांची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१८ पासून आहे. त्यात संस्थांना 'एकात्मिक व्यसनमुक्ती पुनर्वसन केंद्रा'साठी अनुदान मिळतं, आणि ते खाटांच्या हिशोबानं मिळतं. शहरात त्या केंद्रांनी माणसं वाचवली आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण एका खाटेवर एकच माणूस झोपतो. तुमच्याकडची दारू एका माणसाची नसते.

दिवाळीनंतर आपल्याकडची किती कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, हे तू लहानपणापासून बघतेस. मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. उचल दोघांच्या नावावर, अंगठा मात्र नवऱ्याचा. पावसाळ्यात ती उचल दारूत गेली, तरी फेडायला बाईला फडात उतरावंच लागतं, पोटात पोर असलं तरी. थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळायला पाचटाच्या झोपडीत बसते. आता अशा घरातला पुरुष तू महिना-दोन महिने खाटेवर ठेवलास, तर बाई अर्धा कोयता होते. तिला कामावर कोण घेईल? तो बरा होऊन परतला, तरी उचल तशीच, मुकादम तोच, संध्याकाळची बैठक तीच. पोरं त्याच्या पावलांच्या आवाजालाही दचकत असतात, बायकोचा विश्वास उडालेला असतो. मुकादम अख्ख्या घराला एक धरतो. मग उपचारानं एकट्या बाप्याला धरून कसं चालेल?

म्हणून अर्जात 'रुग्ण' लिहिशील तिथे 'कुटुंब' लिही. नवरा पीत असेल तर बायको आणि पोरंही त्या कामात हवीत. बाई पीत असेल तर तिच्यासाठी बाईच हवी. पिणाऱ्या बायकाही आहेत, हे तू जाणतेस आणि अर्जात कोणी लिहीत नाही. कामाचं वेळापत्रक ऊसतोडीचं बघून ठरव: माणसं होळीच्या सुमारास परततात, तेव्हापासून पुन्हा गाड्या भरेपर्यंतचे महिने तुमचे. उचलीचा कागद बायकोच्या सहीशिवाय होऊ नये, असा गावाचा ठराव करता आला तर तोही उपचारच आहे.

तुला कोणी म्हणेल, आदिवासींना हे जमणार नाही, बाहेरची संस्था लागेल. त्याला आपल्या खानदेशातलाच इतिहास सांग. १९३० च्या दशकात तळोद्याकडे मोरवडला गुलाम महाराज होऊन गेले. दर सोमवारी आरतीला हजारो भिल-पावरा माणसं जमत. दारू सोडायची आणि एकमेकांना 'आप' म्हणायचं, असं त्यांनी शिकवलं. ज्यांना गुजर-वाण्याच्या ओट्यावर अरेतुरे ऐकून घ्यावं लागे, ती माणसं एकमेकांना 'आप की जय' म्हणू लागली. मला यातलं 'आप' फार मोलाचं वाटतं. नुसतं 'पिऊ नका' म्हणून कोणी पिणं सोडत नाही. आपल्याला किंमत आहे हे कळलं, की सोडायला कारण मिळतं. १९३८ मध्ये महाराज गेले, बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, आणि इंग्रज सरकारनं त्यांना हद्दपार केलं. सावकार आणि कलाल, दोघांचाही धंदा त्या आरतीनं बसत होता.

पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यात भिल बायका उतरल्या. आधी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी. मग त्यांनीच शिबिरात प्रश्न काढला की मजुरी वाढवून घेतली, ती जाते कुठे? आणि गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. शहादा तुझ्या पाड्यापासून किती लांब आहे! त्या चळवळीत असलेल्या म्हाताऱ्या बायका हयात असतील, तर त्यांना बोलावून आण. तुझ्या केंद्रातल्या पहिल्या शिक्षिका त्या व्हाव्यात.

एक उदाहरण दूरचं आहे, पण तुला उपयोगी पडेल. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये अल्कली लेक नावाचं आदिवासी गाव आहे. साठच्या दशकात तिथे जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस पीत असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यातल्याच फिलिस चेल्सी नावाच्या बाईनं दारू सोडली, मग नवऱ्यानं, अँडीनं सोडली. तो गावचा प्रमुख झाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत गावातली बहुतेक माणसं दारूपासून सुटली. त्यांनी काय केलं ते बघ. सरकारी मदतीचे पैसे दारूत जात होते, म्हणून रोख न देता दुकानातून किराणा मिळेल अशा चिठ्ठ्या दिल्या. एखादा उपचाराला गेला, की मागे गाव त्याची पोरं सांभाळी आणि त्याचं घर दुरुस्त करी. परत आल्यावर हाताला काम असे. तिथल्या सरकारनं पुढे आदिवासींनीच चालवायच्या उपचार केंद्रांना पैसा देणारा राष्ट्रीय कार्यक्रम उभा केला. व्हँकुव्हर बेटाजवळच्या काकाविसच्या केंद्रात तर आई, बाप आणि पोरं मिळून राहायला जात. आणि ती जागा कोणती? जिथे पूर्वी आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळेत ठेवत, तीच.

आता हक्काचं. अनुदान मागताना तुझा स्वर याचनेचा आहे, तो बदल. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरच्या मोहाची भट्टी गुन्हा ठरवली आणि ठेकेदाराच्या दुकानातली दारू कायदेशीर केली. तेव्हापासून आदिवासीच्या पिण्यातून सरकारच्या तिजोरीत पैसा गेला आहे. आजही दारूवरचं उत्पादन शुल्क हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. त्यातला वाटा बरं होण्यासाठी मागणं ही भीक नव्हे. गरज किती, तेही मागणी मांडताना घाल: केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो, असं निघालं. हा सगळ्या देशाचा आकडा आहे. सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांपर्यंत त्यातलं किती पोचत असेल, याचा अंदाज तूच कर.

पैसा कुठे आहे ते नीट ऐक. तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे पेसा कायदा लागू. १९९६ च्या त्या कायद्यात मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्यानंतर २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी लोकसंख्येप्रमाणे थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. तुमच्याकडे त्यातून रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक होतात. पेव्हर ब्लॉकमुळे कोणाची दारू सुटलेली मी पाहिली नाही. पहिला हात या पैशाला घाल, कारण तो तुमचाच आहे. पंचायतीत मोठ्या गावाचं वजन पडून पाड्याचं कोणी ऐकत नसेल, तर पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची सोय त्याच नियमांत आहे. वेळ लागतो, पण अर्ज आजच टाक.

दुसरं दार धुळ्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं. तिथल्या प्रकल्प अधिकाऱ्याच्या हातात न्यूक्लिअस बजेट असतं. इतर योजनांत न बसणाऱ्या स्थानिक गरजांसाठीच ते आहे. तिसरं, जिल्हा वार्षिक योजना. दिल्लीच्या योजनेचा अर्ज सर्वांत शेवटी कर. तिथे संस्थेची नोंदणी आणि कामाचा अनुभव मागतात, आणि हप्ते कधी येतील ते आपल्या हातात नसतं. हप्ता लांबला की कार्यकर्ते जातात, आणि नुकतीच सोडलेली माणसं पुन्हा पिऊ लागतात. जे काम थांबलं तर माणूस बुडेल, ते दिल्लीच्या पैशावर ठेवू नकोस.

पैसा लागतो तो तीन-चार गोष्टींना. पाड्यावरच्या दोन माणसांचं मानधन, त्यातली एक बाई. रात्री-अपरात्री शिरपूरला न्यायला गाडीचं भाडं. औषधं. आणि आई-बाप कामात असताना पोरांजवळ बसणारं एक माणूस आणि त्यांचं जेवण. या शेवटच्या ओळीला कात्री लावू देऊ नकोस. अधिकारी म्हणेल, अंगणवाडी आहे ना. अंगणवाडी दुपारी बंद होते आणि दारूचं भय संध्याकाळी सुरू होतं, हे त्याला शांतपणे सांग.

एका बाबतीत मात्र कसलीच हयगय नको. रोज खूप पिणाऱ्याची दारू एकदम तोडायची नाही, मडकी फोडण्याच्या भरात तर नाहीच. एका दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जातो, नसलेली माणसं त्याला दिसतात, जीवही जातो. पाड्यावर म्हणतात, बाहेरचं झालं. म्हणून पूजा-उतारा करणाऱ्या बडव्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घे. त्याचा अपमान करून तू काही मिळवणार नाहीस. अशी लक्षणं दिसली की आधी शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवायचं, पूजा त्यानंतर, असं त्याच्या तोंडून गावाला ऐकव. रुग्णालयाच्या डॉक्टरांशी आणि धुळ्याच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांशी आधीच बोलून ठेव. सरकारची १४४४६ ही मदतवाहिनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिही.

मोहाशी भांडण काढू नकोस. ते झाड तुमच्या घरातलं माणूस आहे. इंदलच्या पूजेत देवापुढे धार धरायची की नाही, ते जुनी माणसं ठरवतील. दारू गाळून विकणारी बहुतेक वेळा विधवा किंवा टाकलेली बाई असते. तिच्या चुलीवर धाड घालून पाड्याचं भलं होणार नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्या-नेण्यावरचे निर्बंध उठवले. ती फुलं वाळवून विकायला तिला गटातून भांडवल द्या, मग बंद करायला सांगा. पुड्यांतली, बाटल्यांतली बाहेरून येणारी दारू मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे पोलिसांकडे आणि उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी तक्रार कर आणि पोच घे.

गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' मिळून. गावोगाव संघटना आणि तालुक्यांत दवाखाना, अशी त्याची रचना आहे. एकदा चार बायका जाऊन बघून या. तिथून दवाखान्याची रीत शिका. पण तुमच्या कामाची सूत्रं पाड्याकडेच राहू देत. सभा पावरीत, नोंदी सोप्या मराठीत, हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायचा. अनुदान देणारे नावांची यादी मागतील. आकडा द्या, नावं देऊ नका. कोणाच्या घरात काय घडलं हे पाड्याबाहेर गेलं, तर दुसरं घर तुमच्याकडे येणार नाही.

आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बारीपाड्यानं नव्वदच्या दशकात जंगल राखायचं ठरवलं. नियम गावाचे, दंड गावाचा, राखणदारही गावाचेच. सरकार नंतर आलं, चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली. जंगल राखणारी माणसं घर राखू शकणार नाहीत, असं मला कोणी पटवू शकणार नाही.

१ मेची ग्रामसभा जवळ आली. तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नकोस. त्या सभेत तीन ठराव कर: कुटुंब उपचाराचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आणि त्या समितीत निम्म्याहून जास्त बायका; अबंध निधीतून त्या कामाला किती रक्कम, तो आकडा; आणि उचलीच्या कागदावर बायकोची सही. ग्रामसेवकाकडून ठरावांची प्रत शिक्क्यासह त्याच दिवशी घे. प्रत हातात आली की प्रकल्प कार्यालयाचा अर्ज नव्यानं लिही आणि मला पाठव. मी वाचून दोन दिवसांत परत करीन. धुळ्याला जाताना सोबत हवी असेल तर सांग, मी येईन.

घरी सगळ्यांना नमस्कार. आईची तब्येत कळव.

तुझे
गुरुजी