ओस्त्रावाची पटसंख्या

जातनिहाय जनगणना होणार, हे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं. तेव्हापासून आपल्याकडच्या व्यासपीठांवर एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. जात मोजली की ती आणखी पक्की होते, प्रगत युरोपाला हे केव्हाच कळलं आहे, फ्रान्स आणि जर्मनी नागरिकाला त्याचा वंश विचारत नाहीत, मग आपणच उलटं का चालायचं? असं म्हणणाऱ्यांत माझ्या जवळचे लोक आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण युरोपाचा दाखला देताना ते रोमांना वगळतात. युरोपात एक कोटी ते एक कोटी वीस लाख रोमा असावेत असा युरोप परिषदेचा अंदाज आहे. खंडातल्या सर्वांत मोठ्या अल्पसंख्य समाजाला वगळून युरोपाने काय साधलं हे ठरवताच येत नाही.

रोमांचा विषय निघाला की आपण लगेच त्यांच्या मुळाकडे वळतो. ते भारतातून गेले, त्यांची भाषा आपल्या भाषांच्या कुळातली आहे, त्यांच्या ध्वजावर चक्र आहे, पहिली जागतिक रोमा परिषद १९७१ साली लंडनजवळ भरली. हे सगळं खरं आहे. मात्र या नात्याचं कौतुक करताना ते आज कसे जगतात हे विचारायचं राहून जातं. ते सतत फिरतीवर असतात ही समजूतही बहुतेकांच्या बाबतीत चुकीची आहे. युरोपातले बहुसंख्य रोमा पिढ्यान् पिढ्या एका जागी राहतात. चेक प्रजासत्ताकातलं ओस्त्रावा हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर. चेक भूमीतले मूळचे रोमा दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ नष्ट केले गेले. युद्धानंतर स्लोवाकियातून रोमा कुटुंबं कामासाठी अशा औद्योगिक शहरांत आली आणि तिथेच स्थिरावली. त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली. मला जे सांगायचं आहे ते या शाळांपासून सुरू होतं.

ओस्त्रावात तेव्हा दोन प्रकारच्या प्राथमिक शाळा होत्या, साध्या आणि ‘विशेष’. विशेष शाळा मतिमंद ठरवलेल्या मुलांसाठी होत्या. तिथला अभ्यासक्रम हलका असे आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढच्या चांगल्या शाळांची दारं बंद असत. मूल तिथे पाठवण्याची पद्धत कागदोपत्री निर्दोष होती. मानसशास्त्रज्ञ चाचणी घेत, मुख्याध्यापक निर्णय देत, पालक संमतीच्या अर्जावर सही करत. कायद्यात कुठेही ‘रोमा’ हा शब्द नव्हता. एकेका मुलाची फाइल उघडली तर अन्याय झाला असं म्हणायला जागा सापडत नव्हती, कारण प्रत्येक फाइलमध्ये चाचणी होती, शिक्का होता आणि आईची सही होती.

बुडापेस्टच्या युरोपीय रोमा हक्क केंद्राने १९९९ साली वेगळी वाट धरली. शहरातल्या ८ विशेष शाळांच्या आणि ६९ साध्या शाळांच्या मुख्याध्यापकांकडे प्रश्नावली पाठवून एवढंच विचारलं, की तुमच्या पटावर मुलं किती आणि त्यांत रोमा किती. उत्तरांची बेरीज केली तेव्हा विशेष शाळांतल्या १,३६० मुलांपैकी ७६२ रोमा निघाली, म्हणजे ५६ टक्के. साध्या शाळांच्या ३३,३७२ मुलांत रोमांचं प्रमाण जेमतेम सव्वादोन टक्के होतं. रोमा नसलेल्या मुलांपैकी १.८ टक्के मुलं विशेष शाळेत जात होती, तर रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के. रोमा मूल मतिमंदांच्या शाळेत जाण्याची शक्यता इतरांपेक्षा सत्तावीस पटींहून जास्त होती.

अठरा मुलांनी खटला भरला. तो ‘डी. एच. आणि इतर विरुद्ध चेक प्रजासत्ताक’ या नावाने ओळखला जातो. स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात ही मुलं २००६ साली हरली. नुसत्या आकडेवारीवरून भेदभाव सिद्ध होत नाही, असं छोट्या पीठाने म्हटलं. मोठ्या पीठाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी तेरा विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. हे निकालपत्र मराठीत यायला हवं असं मला फार वाटतं. न्यायालयाने म्हटलं, की आकडेवारी विश्वासार्ह आणि ठळक असेल तर प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ती पुरेशी आहे. मग खुलासा करण्याची जबाबदारी सरकारवर येते, हेतू वाईट होता हे मुलांनी सिद्ध करण्याची गरज नाही. पालकांच्या सहीबद्दलही न्यायालय स्पष्ट होतं. वंशावरून भेदभाव होऊ नये हा हक्क कुणी सही करून सोडून देऊ शकत नाही.

या खटल्यात सरकारचा बचाव काय होता, हे माझ्या मित्रांनी जरूर वाचावं. हे आकडे अधिकृत नाहीत, मुख्याध्यापकांच्या मतांवर उभे आहेत, म्हणून ग्राह्य धरू नयेत, असं सरकारचं म्हणणं होतं. अधिकृत आकडे मात्र सरकारने दिले नाहीत. न मोजण्याच्या धोरणाचा व्यवहारात असा उपयोग होतो. भेदभाव थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा देण्याचं ओझं ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या खांद्यावर जातं. ते ओझं उचलायला ओस्त्रावात एक संघटना पुढे आली. जिथे तशी संघटना नव्हती तिथल्या मुलांनी हलक्या अभ्यासक्रमात बालपण घालवलं आणि ते कुठल्याही निकालपत्रात आलं नाही.

हंगेरीची तऱ्हा वेगळी होती. तिथे आकड्यानेच मुलं अडवली. जागतिक आरोग्य संघटना बुद्ध्यंक ७० च्या खाली असेल तरच मतिमंदत्व मानते. हंगेरीत ती रेषा ८६ वर ठेवली होती. न्यीरेजहाझा शहरातल्या दोन रोमा तरुणांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि २०१३ साली ते जिंकले.

इथवर मी मोजणीच्या बाजूने बोललो. पण मोजणीला विरोध करणाऱ्यांत एक आवाज असा आहे ज्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्याचा मला अधिकार नाही. जर्मन सिंती (जर्मनीतला जुना रोमा समाज) आणि रोमांची मध्यवर्ती परिषद वांशिक नोंदींना विरोध करते. तिचा विरोध प्रगत राष्ट्राच्या तत्त्वज्ञानातून आलेला नाही, तो नोंदवह्यांच्या अनुभवातून आला आहे.

म्युनिक पोलिसांनी १८९९ साली ‘जिप्सीं’ची माहिती ठेवणारं कार्यालय उघडलं. आल्फ्रेड डिलमान या अधिकाऱ्याने १९०५ साली त्या नोंदींचं पुस्तक छापलं आणि ते पोलीस ठाण्यांना पुरवलं. नाझी राजवटीत १९३६ साली बर्लिनच्या आरोग्य खात्यात रॉबर्ट रिटर या डॉक्टरच्या हाताखाली वंशसंशोधनाचा विभाग निघाला. त्याची माणसं वस्त्यावस्त्यांत गेली. डोकी मोजली, रक्त घेतलं, आजी-पणजीची नावं विचारून वंशवृक्ष काढले. सुमारे चोवीस हजार माणसांवर त्यांनी अभिप्राय लिहिले, कोण ‘शुद्ध’ आणि कोण ‘मिश्र’. १६ डिसेंबर १९४२ च्या हुकमानंतर कुणाला आउशवित्झला पाठवायचं हे ठरवताना या कागदांचा आधार घेतला गेला.

रिटरची सहकारी एफा युस्टीन हिने रोमांची भाषा शिकून घेतली होती. भाषा येते म्हणून लोक तिच्याशी मोकळेपणाने बोलत. मुल्फिंगेनच्या कॅथलिक बालगृहातल्या सिंती मुलांवर तिने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. या मुलांचे आईबाप आधीच छावण्यांत नेले होते. अभ्यासासाठी मुलं हवी होती म्हणून त्यांची रवानगी लांबली. काम संपलं आणि मे १९४४ मध्ये ३९ मुलं आउशवित्झला धाडली गेली. त्यांतली चार वाचली. तिथल्या रोमा छावणीतले उरलेले चार हजारांहून अधिक लोक २ ऑगस्टच्या रात्री गॅसने मारले. युद्धानंतर रिटरला आणि युस्टीनला फ्रांकफुर्टच्या आरोग्यसेवेत नोकऱ्या मिळाल्या. दोघांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही.

ती कागदपत्रंही नष्ट झाली नाहीत. त्यांतला मोठा भाग ट्युबिंगेन विद्यापीठात संशोधनासाठी वापरला जात राहिला. १ सप्टेंबर १९८१ रोजी सिंती कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठाण मांडलं तेव्हा कुठे ते कागद कोब्लेन्झच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. त्या आंदोलकांत छळछावणीतून वाचलेले लोक होते. अशा माणसांच्या दारात जाऊन ‘तुमच्या भल्यासाठी नोंद करतो’ म्हणणाऱ्याने आधी हा इतिहास वाचलेला असावा.

हे नाझींबरोबर संपलं, असंही म्हणता येत नाही. फ्रान्सने १९१२ च्या कायद्याने भटक्यांना शरीराची मापं आणि बोटांचे ठसे असलेली वही बाळगायला लावली. १९६९ साली तिच्या जागी प्रवासाचं वेगळं पुस्तक आलं आणि ते २०१७ पर्यंत टिकलं. वंश न विचारणारं म्हणून ज्या प्रजासत्ताकाचा दाखला दिला जातो, त्याने शंभर वर्षं या एका समाजाला वेगळं ओळखण्याची सोय करून ठेवली होती. स्वीडनमध्ये २०१३ साली एका वृत्तपत्राने उघड केलं, की दक्षिणेकडच्या स्कोने भागातल्या पोलिसांकडे चार हजारांहून अधिक रोमांची यादी आहे. तीत हजारावर मुलं होती. गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं केवळ नातेसंबंधामुळे त्यात आली होती. न्यायालयांनी पुढे भरपाई द्यायला लावली.

म्हणून मोजावं की मोजू नये, या प्रश्नावर अडून राहण्यात मला आता अर्थ दिसत नाही. रिटर आणि ओस्त्रावाची प्रश्नावली या दोन्ही गोष्टी माहिती गोळा करण्याच्याच आहेत आणि त्यांच्यात टोकाचं अंतर आहे. रिटरच्या कागदांत माणसांची नावं होती, पणज्यांपर्यंतची. ओस्त्रावाच्या तक्त्यांत एकाही मुलाचं नाव नव्हतं, शाळांची होती. रिटर रोमांची तपासणी करत होता, प्रश्नावली शाळांची करत होती. माझा आग्रह आता एवढाच आहे, की सरकारने दुर्बळ समाजाबद्दल माहिती गोळा करावी ती स्वतःच्या शाळा, दवाखाने, नळ आणि पोलीस ठाणी काय करतात हे तपासण्यासाठी, आणि तिच्यातून एका माणसापर्यंत पोहोचण्याची वाट ठेवू नये.

स्लोवाकियाने यातलं थोडं करून पाहिलं. तिथल्या २०११ च्या जनगणनेत १,०५,७३८ लोकांनी स्वतःला रोमा म्हटलं. २०१३ साली झालेल्या रोमा वस्त्यांच्या पाहणीत हा आकडा चार लाखांवर गेला. या पाहणीला तिथे ‘अ‍ॅटलास’ म्हणतात. तीत वस्तीवार नोंदी असतात. पाणी आहे का, रस्ता आहे का, सांडपाण्याची व्यवस्था आहे का, वस्ती गावापासून किती लांब. व्यक्तीची नोंद नसते. तिचा दोष असा, की कोण रोमा हे गावचे अधिकारी आणि शेजारी ठरवतात, रोमा नव्हेत. तीन लाख माणसं जनगणनेत स्वतःचं नाव का घेत नाहीत, याचं उत्तर वर आलंच आहे. पुढे २०२१ च्या जनगणनेत दोन ओळखी सांगण्याची मुभा दिली. ६७,१७९ लोकांनी रोमा ही पहिली ओळख सांगितली, आणखी ८८,९८५ लोकांनी दुसरी. स्लोवाक असणं सोडावं लागत नाही म्हटल्यावर लोक रोमा असणंही सांगू लागले. फॉर्मची रचना बदलली तर भीती थोडी कमी होते, हे यातून दिसतं.

आणि तरीही आकडे हातात आले म्हणजे शाळेचं दार उघडतं, असं मी म्हणणार नाही. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने केलेल्या पाहण्यांत, ज्या शाळांत सगळी किंवा बहुतेक मुलं रोमाच आहेत अशा शाळांत जाणाऱ्या रोमा मुलांचं प्रमाण २०१६ साली ४४ टक्के होतं, २०२१ साली ते ५२ टक्के झालं. दारिद्र्याच्या छायेत जगणारे दोन्ही वेळी पाचात चार. मधल्या काळात अहवाल निघाले, परिषदा भरल्या, निधी मंजूर झाले. समावेशाचं दशक म्हणून २००५ ते २०१५ हा काळ साजरा झाला होता. मोजणारे एका शहरात आणि मोजले जाणारे दुसऱ्या वस्तीत असले की अहवाल ब्रसेल्सला पोहोचतो, वस्तीत परत येत नाही. मानहाइमच्या रोम्नोकेर संस्थेने २०२१ च्या शिक्षणविषयक अभ्यासासाठी सिंती आणि रोमा मुलाखतकारच नेमले, प्रश्न त्यांच्याच लोकांनी विचारले. ज्या जर्मनीत नोंदीला सर्वांत तीव्र विरोध आहे तिथे हे झालं, याला मी फार महत्त्व देतो.

महाराष्ट्राला हे परकं वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा वारसा इथल्या पारधी, कैकाडी, भामटा समाजांनी भोगला. पोलीस पाटलाकडे हजेरी, सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण, हे त्यांच्या आजोबांच्या आठवणीतलं आहे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. पण विमुक्त-भटक्यांची नेमकी संख्या देशाला आजही माहीत नाही. रेणके आयोगाने २००८ साली दहा कोटींहून अधिक असा अंदाज दिला. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत मोजले जातात. २०२७ च्या जनगणनेत स्वतंत्र रकाना हवा ही विमुक्तांच्या संघटनांची मागणी मला संपूर्ण मान्य आहे. सोबत अनुसूचित जात किंवा जमात ही ओळख न सोडता विमुक्त असल्याचं सांगता यायला हवं, स्लोवाकियातल्या दुसऱ्या ओळखीसारखं.

या मागणीला एक जोड हवी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. जनगणनेत रकाना घाला आणि तुरुंगात काढा, या दोन्ही मागण्या मी एकाच तत्त्वावर करतो. जनगणनेतली माहिती सरकारला जाब विचारायला उपयोगी पडते, तुरुंगातली कैद्याला कुठलं काम द्यायचं हे ठरवायला वापरली गेली.

जनगणनेची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. आपल्या प्रत्येक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाची जात आजही लिहिली जाते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती उतरते. आपल्या तालुक्यात विमुक्त-भटक्यांची किती मुलं पाचवीत होती आणि त्यांतली किती आठवीपर्यंत पोहोचली, हे नावांशिवाय, शाळावार, माहितीच्या अधिकारात मागता येतं. हा लेख वाचणाऱ्या शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आणि विशेषतः त्या समाजांतल्या शिकलेल्या तरुणांनी या दिवाळीनंतर तो अर्ज करावा आणि येणारी उत्तरं आधी पालावर आणि तांड्यावर वाचून दाखवावीत.