लीला, आषाढ आणि टेंबलाईची वाट

रोजच्या जगण्यातल्या उत्स्फूर्त आनंदाचा विचार भारतीय तत्त्वज्ञानात लीलेच्या कल्पनेतून झाला आहे. ज्याला कशाचीच उणीव नाही त्या ब्रह्माने जग निर्माण करावेच कशाला, असा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात येतो. काही हेतू होता म्हणावे, तर ब्रह्म अपुरे ठरते. हेतूच नव्हता म्हणावे, तर ही सारी निर्मिती वेड्याच्या खटाटोपासारखी होते. सूत्रकारांचे उत्तर असे की ही केवळ लीला आहे. शंकराचार्य त्यावर भाष्य करताना सगळ्या इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा आणि आपोआप चालणाऱ्या श्वासाचा दाखला देतात. रामानुजाचार्यांच्या भाष्यातला सम्राट चेंडू खेळतो. जग खरे की मायिक यावर या दोन आचार्यांचे टोकाचे मतभेद आहेत, पण इथे त्यांचे जुळते: काही मिळवण्यासाठी न केलेली, भरलेपणातून घडणारी कृती ती लीला.

माणूस मात्र पूर्ण नाही. त्याला पोट आहे, कर्ज आहे, मुलांच्या शाळेची फी आहे. मग ब्रह्माची लीला त्याच्या काय कामाची? मराठी परंपरेतले सर्वांत धीट उत्तर ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त सापडते. जग हा चैतन्यावर चढलेला मळ नसून चैतन्याचाच विलास आहे, असे तिथे प्रतिपादन केले आहे. हे मान्य केले की संसार हा आनंदाच्या आड येणारा अडथळा उरत नाही. आनंद त्यातच शोधता येतो. वारकऱ्यांनी हा विचार पोथीत ठेवला नाही. पंढरीच्या वाटेवर साठी उलटलेल्या बाया फुगड्या घालतात, रिंगणात टाळकरी उड्या मारतात. एकनाथांनी भारुडांतून अध्यात्म सोंगाच्या रूपाने मांडले, तुकोबांनी पोरांच्या खेळांवर अभंग रचले. महानुभावांनी तर रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे पोरकट, अवचित वागणेच ईश्वरी चरित्र म्हणून लिहून ठेवले.

या प्रवाहाला विरोधही आहे आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. ‘दासबोधा’त रामदासांनी विनोदात रमणाऱ्यांना टवाळांत बसवले आहे. प्रयत्नावर उभा असलेला तो ग्रंथ वेळ दवडणे सहन करत नाही. पण त्याचा रोख आळसावर आहे. लीला आणि आळस वेगळे: आळशाला काहीच करायचे नसते, खेळणारा मात्र जीव ओतून करतो, फक्त त्यातून काही पदरात पडावे ही अपेक्षा तो ठेवत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. उत्स्फूर्तपणा ठरवून आणता येतो का? ठरवला की तो उत्स्फूर्त राहत नाही, असे सहज वाटते. कोल्हापुरातली आषाढातली त्र्यंबोलीची, म्हणजेच टेंबलाई देवीची, यात्रा या कोड्याला चांगले उत्तर देते. पावसाने पंचगंगेला नवे पाणी येते. पेठापेठांतली तालीम मंडळे आणि गल्ल्या मंगळवार किंवा शुक्रवार धरून ते पाणी सजवलेल्या घागरींत भरतात. बायका-मुली त्या डोक्यावर घेतात, पुढे पी ढबाक हा पारंपरिक वाद्यांचा ताफा वाजत असतो, आणि मिरवणूक टेंबलाईच्या टेकडीकडे निघते. देवीच्या पायरीवर पाणी वाहिले जाते. मग गल्लीत जेवणे होतात, मटणाचे वाटे घरोघरी पोचतात.

यात ठरलेले काय, ते पाहावे. महिना, वार, नदीचे पाणी आणि टेकडीची वाट एवढेच. कोणी नाचावे, कोणी कोणाला हाताला धरून रिंगणात ओढावे, एरवी गंभीर असणाऱ्या कोणत्या काकांच्या अंगावर पाणी उडावे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. चौकट पक्की असल्यानेच आतले मोकळे राहते. आज काय करायचे हा प्रश्न सुटलेला असतो आणि लाजही गल्लीभर वाटली गेलेली असते. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाला स्वतःची जागा, वेळ आणि नियम असतात असे दाखवले आणि धार्मिक विधींनाही त्याच वर्गात घेतले. कोल्हापूरकरांना ते वाचावे लागले नाही.

इथल्या देवताही अशाच वागतात. असुरांवरच्या विजयात आपला मान राहिला नाही म्हणून त्र्यंबोली रुसून टेकडीवर जाऊन बसली, अशी आख्यायिका आहे. तिचा रुसवा काढायला अंबाबाईची पालखी ललिता पंचमीला तिच्या भेटीला जाते. तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळवायला एकच झुंबड उडते. रुसणे, मनधरणी, झुंबड हे सारे घरातलेच व्यवहार. देवळाने त्यांना पूजेत जागा दिली. संसारातल्या हट्टाला आणि लाडाला याहून मोठी प्रतिष्ठा देता येणार नाही.

रोजच्या दिवसाला हे लागू करताना एक कसोटी कामी येते: कृती कशासाठी केली, याचे उत्तर देता येते का? पावले मोजत रंकाळा तलावाला घातलेली फेरी व्यायाम असते. मित्र भेटला म्हणून वाढलेली फेरी खेळ होते. दोन्ही चांगल्या, पण पहिलीने दुसरीची भूक भागत नाही. म्हणून घरातही एखादी संध्याकाळ वार धरून मोकळी ठेवणे शहाणपणाचे. तिच्यात काय करायचे ते मात्र आधी ठरवू नये.

दुसरी कसोटी सहभागाची. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठी तोल सांभाळत नाचवणारा आणि ‘चांगभलं’ म्हणत गुलाल-खोबरे उधळणारा, दोघेही यात्रेचे कर्ते असतात. अलीकडच्या मिरवणुकांतल्या डॉल्बीने नेमके हेच हिरावले आहे. भिंती हादरवणाऱ्या आवाजात कोणाला कोणाशी बोलता येत नाही, गाता येत नाही, म्हातारी माणसे दार लावून घेतात. आनंद तयार करून वर ओतला जातो आणि माणसे ऐकणारी होऊन जातात. तालमींनी येत्या आषाढात डॉल्बी दूर ठेवून पी ढबाकवाल्यांनाच सुपारी द्यावी.