जुन्या वस्तूचा हिशेब

जुन्या वस्तूंविषयी आपल्या घरांत एक भीती असते. मयताचे कपडे घालू नयेत, परक्या घरातला जुना आरसा आणू नये, अशा वस्तू मनहूस असतात, असे बुजुर्ग सांगतात. मी शिक्षक आहे. अशा समजुतींपासून दूर राहा, असे वर्गात मुलांना सांगतो. नफा-नुकसान कुठल्या वस्तूच्या हातात नसते, हा तर आपला अकीदाच आहे. तरीही या भीतीखाली एक खरा प्रश्न दडला आहे, असे मला वाटू लागले आहे. शाप वस्तूत असतो, की ती घेणाऱ्याच्या नियतीत म्हणजे इराद्यात?

‘द ट्वायलाइट झोन’ ही अमेरिकन मालिका १९५९ ते १९६४ या काळात दाखवली गेली. दर भागात नवी गोष्ट आणि नवी माणसे. बरेचसे भाग रॉड सर्लिंग यांनी स्वतः लिहिले. १६ डिसेंबर १९६० रोजी दाखवलेल्या त्यांच्या एका भागात चेस्टर आणि पॉला हे जोडपे जुन्या वस्तूंच्या दुकानात चोरी करते. हाती आलेला माल बहुतेक कवडीमोलाचा निघतो. त्यातच एक विचित्र कॅमेरा असतो. त्याने काढलेला फोटो आत्ताचे दाखवत नाही, पाच मिनिटांनी घडणारे दाखवतो. तुरुंगातून पळालेला पॉलाचा भाऊही येऊन मिळतो. हा कॅमेरा जगाच्या भल्यासाठी द्यावा, असा विचार क्षणभर चेस्टरच्या मनात येतो. पण टीव्हीवर घोड्यांची शर्यत दिसते आणि भले तिथेच राहते. तिघे शर्यतीच्या मैदानावर जातात, जिंकणाऱ्या घोड्याचे नाव आधीच पाहतात आणि नोटांच्या थप्प्या घेऊन परततात.

कॅमेऱ्यावर फ्रेंचमध्ये काही कोरलेले असते. हॉटेलचा वेटर ते वाचून सांगतो: एका मालकाला दहाच फोटो. आता दोनच उरलेले असतात. ते कशासाठी वापरायचे यावर भांडण जुंपते. त्या झटापटीत चुकून एक फोटो निघतो. त्यात पॉला किंचाळताना दिसते. दोघे पुरुष एकमेकांवर संशय घेतात, झोंबतात आणि खिडकीतून खाली पडतात. पॉला किंचाळते. फोटो खरा ठरतो. पुढे पॉला आणि तिला लुटायला आलेला तो वेटर, दोघांचाही शेवट त्याच खिडकीतून होतो.

यात कॅमेऱ्याने काय केले? तो खोटे बोलला नाही. त्याने कुणाला ढकलले नाही. अट तर त्याच्या अंगावरच कोरलेली होती. पण ती कुणी वाचून घेतली नाही, कारण मिळत आहे तोवर विचारायची गरज कुणाला वाटते?

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’ ही कथा अनेकांनी इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल. त्यातला माकडाचा पंजा हिंदुस्थानातून गेलेला आहे. तो आणणारा सैनिक घरच्यांना स्पष्ट सांगतो की पहिल्या मालकाने शेवटी मरण मागितले. तो पंजा आगीत टाकतो, तर मिस्टर व्हाइट तो झटकन बाहेर काढतात. दोनशे पौंड मागतात. पैसे येतात, पण कारखान्यात मेलेल्या मुलाच्या बदल्यात. इथेही आधीच्या मालकाची हकिकत समोर होती. ऐकायची नव्हती, एवढेच.

आता माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी अम्मीसाठी शिलाई मशीन हवी होती. मोहल्ल्यातला एक दर्जी वारला होता आणि त्याची बेवा मशीन विकत होती. तिने चार हजार सांगितले. किंमत वाजवी होती. पण तिला पैशांची घाई आहे, हे मी ओळखले आणि अडीच हजारांवर अडून बसलो. ती थोडा वेळ मशीनवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “ले जाव, बेटा.”

घरी मी मोठ्या फुशारकीने किंमत सांगितली. अम्मीने एवढेच विचारले, “उसे जल्दी थी ना?”

मशीनच्या खणात दर्जीची वही निघाली. गिऱ्हाइकांची मापे, उधारी. दोन-तीन नावांपुढे लिहिले होते: शिलाई माफ. मशीन मी विकत घेतली होती, वही नव्हे. ती अमानत होती. वाटेत सापडलेल्या वस्तूचीसुद्धा वर्षभर पुकार करावी, अशी आपल्याकडे शिकवण आहे. इथे तर मालकाचे घर ठाऊक होते. वही नेऊन दिली. खिशात दीड हजार होते, ते मात्र बाहेर निघाले नाहीत. ते काढले असते तर कबूल करावे लागले असते.

माझ्या मनाने बऱ्याच दलिली दिल्या. सौदा दोघांच्या राजीखुशीने झाला, घासाघीस बाजाराची रीतच आहे, जायज ते जायज. हे सगळे बरोबर आहे. पण मजबुरीतल्या माणसाच्या ‘हो’ला राजीखुशी म्हणायचे का? चोराने कॅमेऱ्याचा मालक विचारला नाही, कारण तो चोर होता. मी चोर नव्हतो. तरी मीही तिला विचारले नाही की का विकतेस. विचारले असते तर किंमत कमी करणे जमले नसते. न विचारण्यातच माझा फायदा होता.

महिनाभराने पुन्हा गेलो. तिने पैसे घेतले, मोजले आणि डब्यात ठेवले. आभार मानले नाहीत. ते योग्यच होते, कारण मी तिला काही देत नव्हतो.

म्हणून बुजुर्गांच्या त्या भीतीला मी आता हसत नाही. वस्तू मनहूस नसते. पण स्वस्तात मिळालेल्या वस्तूमागे कुणाची तरी हकिकत असते, आणि ती ऐकण्याचे टाळून घेतलेल्या वस्तूत बरकत कुठून येणार? मशीन अजून चालते. गेल्या ईदचे कपडे अम्मीने तिच्यावरच शिवले.